हिमलोटांच्या दरीतले गाव

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीजवळची लिटल कॉटनवुड दरी हिमनदीने कोरलेली आहे. तिचा छेद इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा, म्हणजे बाजू उभ्या. १८७० च्या दशकात येथे चांदीच्या खाणींमुळे आल्टा गाव भरभराटले, पण खाणींना लाकूड हवे म्हणून उतारांवरची झाडे गेली. बर्फाला थोपवणार कोण?

हिमलोट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही. खालचा थर कमकुवत असला, की नव्या बर्फाच्या भाराने वरची लादीच निसटते. धोका वाढला, की आल्टात रहिवासी असो वा पाहुणा, शेजारच्या इमारतीत जायलाही कायद्याने बंदी! फेब्रुवारी २०२१ मध्ये ती दोन दिवसांहून अधिक चालली. तेवढ्या वेळात स्फोट घडवून साठलेला बर्फ मुद्दाम पाडतात.