जंगल राखायचे, पण कोणाच्या जिवावर?

१९०१ साली सातारच्या शाळेत शिकणारे बाल भीमराव भावा-भाच्यांसह वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. रामजी सुभेदार तेथे खजिनदार होते. दुष्काळात माणसे मरत होती, म्हणून सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. मसूर स्टेशनावर पोरांची जात कळली आणि गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, पण रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही. बाप तलावाच्या कामावर आणि लेकरू तहानलेले! हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग आज आम्हांला जंगलाच्या निमित्ताने आठवतो. पाणी, गायरान, डोंगर सगळे गावाचे. पण गावात आम्ही कधी धरलेच गेलो नाही. त्यामुळे पर्यावरण हा शब्द निघाला की आपला कार्यकर्ता म्हणतो, हे पोट भरलेल्यांचे चोचले! आमच्या मते ही चूक आहे. झरा आटला तर हंडा घेऊन पहिली कोण चालते? सरपण संपले तर पहिली चूल कोणाची विझते? आपल्याच वस्तीतली!

सातारा-सांगलीच्या सह्याद्रीकडे पाहा. कोयना आणि चांदोली १९८५ साली अभयारण्ये झाली. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून वाघीण आणून येथे सोडली. वाघ परतला याचा आम्हांलाही आनंद आहे. वारणा-कोयनेचे पाणी याच जंगलातून येते.

पण या जंगलातून आधी धरणाने आणि मग अभयारण्याने जी गावे उठवली, त्यांना हक्काच्या जमिनीसाठी वर्षानुवर्षे ठिय्या मारून बसावे लागले. ज्याच्या नावावर सातबारा, त्याची ही गत. मग ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्या भूमिहीनाच्या पदरात काय पडले? वाघाला घर देणाऱ्या व्यवस्थेने या प्रश्नाचेही उत्तर दिले पाहिजे.

दुसरा रस्ता सांगली जिल्ह्यातच आहे. सागरेश्वरचे डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून तेथे झाडे उभी राहिली, हरणे-सांबरे आणून सोडली आणि १९८५ मध्ये अवघ्या १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. माणसे न उठवता माणसांनी लावलेले जंगल! तेथेही हरणे कुंपणाबाहेर येऊन पिके खातात, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. तिची भरपाई वेळेवर मिळाली, तरच शेतकरी जंगलाचा राखणदार होईल.

कायदा काय सांगतो? राज्यघटनेच्या कलम ४८-अ नुसार वने व वन्यजीव राखणे ही राज्याची जबाबदारी आहे. कलम ५१-अ (छ) नुसार प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकांचे कर्तव्य आहे. आणि २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की ग्रामसभेच्या संमतीशिवाय वन्यजीवांच्या नावाखाली कोणाला हलवता येणार नाही. मात्र आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचा इतिहासच कोणी लिहिला नाही, त्याने कागद आणायचा कोठून? म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब आत्ताच नोंदवून घ्या. ग्रामसभेत मागे उभे राहू नका, पुढे बसा!

गायरानाचेही तसेच. भूमिहीनाने कसलेले तुकडे नावावर झालेच पाहिजेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा लढा आम्ही विसरलेलो नाही. पण उरलेले माळरान कारखान्याच्या किंवा धनदांडग्याच्या घशात जाणार असेल, तर तेथल्या लांडग्या-माळढोकाच्या गवताची बाजू आपणच घेतली पाहिजे. कारण गरिबाची शेळीही त्याच गवतावर जगते.

सम्राट अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी विहिरी खोदल्या, झाडे लावली, हे शिलालेखांत कोरलेले आहे. धम्माची करुणा वाघापर्यंत पोचते. तिने वाघासाठी उठवलेल्या माणसाला वगळू नये. जंगल राखूच, पण बरोबरीच्या मालकीने. हुसकावलेल्यांच्या यादीत आता आमचे नाव नको, राखणाऱ्यांच्या यादीत हवे!