वस्तीची रचना आणि रोजचा प्रवास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रस्त्यांचे जाळे, घरापासून शाळा-दुकानांचे अंतर, पदपथ, गाडी लावायची जागा आणि बसथांबे यांची सांगड म्हणजे वस्तीची रचना. दुधाची पिशवी आणायला माणूस पायी जातो की स्कूटर काढतो, हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते.

पैसा आला की माणूस गाडीनेच फिरणार, असे सर्रास मानले जाते. ऐपत असली की गाडी घरात येते. ती प्रत्येक कामाला बाहेर निघतेच असे नाही. पुण्याच्या पेठांमध्ये मोटार असलेली कुटुंबेही किराणा पायीच आणतात. दुकान कोपऱ्यावर असते आणि एकदा सोडलेली पार्किंगची जागा परत मिळेल याची खात्री नसते.

दुसरा समज उंच इमारतींचा : वस्ती दाट झाली की वाहने आपोआप कमी होतात. रीड युइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो यांनी २०१० साली दोनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात नुसत्या लोकसंख्येच्या दाटीचा परिणाम क्षीण निघाला. पायी चालण्याशी घट्ट संबंध दिसला तो चौकांच्या संख्येचा, घरे-दुकाने-कचेऱ्यांच्या सरमिसळीचा आणि चालत गाठता येणाऱ्या ठिकाणांचा. कारण उघड आहे. वीस मजली संकुलाला उंच भिंत आणि एकच फाटक असेल, तर भिंतीपलीकडच्या भाजीवाल्याकडे जायला अख्खा वळसा पडतो. नकाशावर शंभर मीटर, पायांना एक किलोमीटर! जुन्या पेठेत हेच काम एक बोळ करतो. उपनगरांच्या आराखड्यांत मजल्यांचा हिशेब काटेकोर असतो, बोळांचा क्वचितच. अर्थात यातली कोणतीही एक गोष्ट सुधारून फारसा फरक पडत नाही. त्या एकत्र आल्या तरच परिणाम जाणवतो.

चालायची आवड असलेलेच अशा वस्तीत घर घेतात, मग श्रेय रचनेचे कसे? हा आक्षेप वजनदार आहे आणि काही अंशी खराही. पण आवडीनिवडीचा प्रभाव वेगळा काढू पाहणाऱ्या ३८ अभ्यासांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळजवळ सर्वांत रचनेचा स्वतंत्र परिणाम शिल्लक राहिला.

रस्ता रुंद केला की कोंडी सुटते, हा समज चिवट आहे. अमेरिकी महानगरांतील आंतरराज्य महामार्गांवर जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांना २०११ मध्ये उलटे आढळले : मार्गिका वाढतात जवळपास त्याच प्रमाणात वाहनप्रवासही वाढतो. वस्तीतल्या रस्त्याचे तर आणखी एक नुकसान होते. रुंद, वेगवान रस्ता ओलांडणे अवघड, म्हणून शाळा समोर असूनही मुलाला गाडीवरून सोडले जाते.

शेवटचा गैरसमज नियोजनकारांचाच. वस्ती स्वयंपूर्ण आखली की लोक तिथेच काम करतील, ही नवी मुंबईच्या नोडमागची, म्हणजे तिथल्या स्वतंत्र आखलेल्या वस्त्यांमागची, अपेक्षा होती. शाळा, बाजार, दवाखाना ही कामे नोडमध्ये होऊ शकली. नोकरी मात्र अनेकांची मुंबईतच राहिली. सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे हलवण्याचा मूळ बेतही मोठ्या प्रमाणात कागदावरच राहिला. १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली आणि हा प्रवास रुळांवर आला. नोकरीचे अंतर महानगर ठरवते. वस्तीच्या हाती उरते ते घरापासून स्टेशनपर्यंतचे अंतर, आणि ते पायी जाण्याजोगे ठेवणे.