जुनाट इसबाची निगा

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पेण मागें पडलें, कीं कासूचें छोटें स्थानक लागतें. तेथून सकाळच्या गाडीनें नोकरीसाठीं पनवेलकडे जाणारा एखादा पस्तिशीचा गृहस्थ क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. लहानपणीं त्याला कोपरांच्या आंतल्या घडीला आणि गुडघ्यांच्या मागें सदैव खाज असे. वडिलांना दमा, बहिणीला ऋतु पालटला कीं शिंका. बाराव्या वर्षाच्या सुमारास खाज आपोआप कमी झाली आणि घरच्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. तिसाव्या वर्षीं ती परत आली, ती मानेवर, पापण्यांवर व हातांवर. आतां रात्रीं दोन वाजतां तो खाजवीत जागा असतो; आणि सकाळीं, भर उन्हाळ्यांतही, लांब बाह्यांचा सदरा घालून गाडींत बसतो. शेजारच्या प्रवाशाला हा रोग आपल्याला लागेल अशी भीति वाटते, हें त्याला ठाऊक असतें.

वास्तविक हा रोग लागत नाहीं. इसबाचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतील हा प्रकार दमा व शिंका यांचा भाऊबंद असून बहुधा घराण्यांत चालत येतो. १९३३ सालीं न्यूयॉर्कच्या वाईज व सुल्झबर्गर या त्वचारोगतज्ज्ञांनीं त्याला ‘अॅटॉपिक’ हें विशेषण लाविलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जागा सोडून असलेलें’, ‘विचित्र’ असा आहे. कारण उमगलें नसल्याची ती एक प्रकारें कबुलीच होती. २००६ सालीं स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनीं या कोड्याची एक मोठी गांठ सोडविली. फिलॅग्रीन नांवाचें प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट व ओला ठेवण्यास मदत करतें. त्याच्या जनुकांत दोष असलेल्या माणसांत हा इसब अधिक आढळतो. सर्वच रोग्यांत हा दोष असतो असें नाहीं. परंतु कोणत्या दिशेनें पाहावें, तें त्यावरून कळलें.

ही दिशा कासूच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला राहणाऱ्या शेतकऱ्याला फारशी समजावून सांगावी लागणार नाहीं. खारेपाटांत भातशेती टिकते ती बांधामुळें. बांध धड असेल तोंवर गोडें पाणी आंत राहतें व खारें बाहेर. बांधाला खांड पडली, कीं भरतीचें पाणी शेतांत शिरतें आणि पीक बुडतें. त्वचेचा वरचा थर हा असाच बांध होय. तो कच्चा असला म्हणजे आंतला ओलावा उडून जातो आणि साबण, धूळ, जंतु आंत शिरतात. शरीराची रक्षणव्यवस्था खवळते, खाज सुटते, आणि खाजविल्यानें बांध आणखी खचतो. शहाणा शेतकरी खांड पडण्याची वाट पाहत नाहीं. इसबाच्या रोग्याचें नेमकें उलट चालतें: चट्टा उठला कीं धांवपळ, बसला कीं विसर.

डागडुजीचें साहित्य अगदीं साधें आहे. स्नान कोमट पाण्यानें, पांच-दहा मिनिटांत उरकावें. कढत पाण्यानें खाज क्षणभर थांबते खरी, पण मागाहून दुपटीनें येते. साबण सौम्य असावा. अंग न घासतां टिपून घ्यावें आणि तें किंचित् ओलसर असतांनाच मलई किंवा पेट्रोलियम जेली लावावी. प्रमाणाविषयीं मात्र सर्वांचीच चूक होते. सर्वांग कोरडें असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव किलो व कधीं त्याहूनही अधिक लागते. बोटभर डबी महिनाभर पुरविणें हा उपचार नव्हे. पावसाळ्याच्या दमट दिवसांत जाड मलमाखालीं घाम कोंडतो, म्हणून तेव्हां पातळ मलई बरी. थंडींत जाड मलम. खोबरेल अनेकांना मानवतें. मोहरीचें तेल मात्र झोंबतें. तेलकट मलमानें माखलेले कपडे चटकन पेट घेतात, एवढें चुलीपाशीं वा समईपाशीं वावरतांना ध्यानांत ठेवावें.

आतां त्या छोट्या नळीविषयीं. कासूचा आपला गृहस्थ दुकानांत जाऊन ‘खाजेचें मलम’ मागतो. मिळतें तें बहुधा मिश्रण असतें: स्टेरॉइड, बुरशीवरील औषध आणि जंतुनाशक एकत्र. तीन दिवसांत खाज थांबते आणि तो त्या नळीचा भक्त होतो. पण कोकणांतील घामट हवेंत गजकर्णही तितकेंच बोकाळतें, आणि ज्याला तो इसब समजला तें गजकर्ण असेल, तर स्टेरॉइडनें त्याची कडा पुसट होते व बुरशी आंतल्या आंत पसरते. मग भल्या डॉक्टरालाही ओळखणें अवघड. त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर हा घोळ पुष्कळदां मिटतो. खरूज किंवा सिमेंट, रबर, केसांचा कलप यांची बाधा हींही इसबाचें सोंग घेतात. चेहऱ्यावर महिनोन् महिने तीव्र स्टेरॉइड लावल्यास त्वचा पातळ व लाल होते, आणि मलम सोडतांच आग पेटते. २०१८ सालीं भारत सरकारनें अशीं अनेक स्टेरॉइड मलमें चिठ्ठीवांचून न विकण्याच्या यादींत घातलीं, तें यामुळेंच.

याचा अर्थ स्टेरॉइड हें विष आहे असा करणारे लोकही कमी नाहींत, आणि त्यांचेंही तितकेंच नुकसान होतें. सुल्झबर्गर यांनींच विटन यांच्यासह १९५२ सालीं हायड्रोकॉर्टिझोनचा त्वचेवरील गुण दाखविला. तेव्हांपासून हीं मलमें या उपचाराचा कणा आहेत. प्रश्न तीव्रता, जागा आणि मुदत यांचा आहे. चेहऱ्याला सौम्य, तळहाताला तीव्र. तर्जनीच्या टोंकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत नळींतून काढलेली पट्टी म्हणजे सुमारें अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टा पूर्ण बसेपर्यंत रोज लावावें. त्यानंतर ज्यांना वारंवार उठतें त्यांनीं, डॉक्टरांच्या सल्ल्यानें, नेहमींच्या जागीं आठवड्यांतून दोनच दिवस लावीत राहावें. बांधाची डागडुजी ती हीच. पापण्यांसाठीं टॅक्रोलिमसचें मलम अधिक सोयीचें; आरंभीं चुरचुरतें, पण त्वचा पातळ करीत नाहीं.

पथ्याविषयीं एक शब्द. मासळी, वांगें, अंडें हीं इसब झाला कीं घरांतून हद्दपार होतात. मोठ्या माणसांत खाण्याचा संबंध क्वचितच सिद्ध होतो. पुरावा नसतां वांग्याला शिक्षा करणें अन्यायाचें आहे. झोप आणणाऱ्या अॅलर्जीच्या गोळ्यांनीं रात्र निघते, पण या खाजेचें मूळ मुख्यतः हिस्टामीनमध्यें नसल्यामुळें गुण मर्यादितच असतो.

एवढें करूनही रोग आवरत नसेल तर ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण, किंवा सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट अशीं औषधें आहेत. त्यांत रक्तदाब व रक्त तपासत राहावें लागतें. २०१७ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें ड्युपिलुमॅबचें इंजेक्शन दोन आठवड्यांनीं घ्यावयाचें असतें. गुण चांगला, पण खर्च सामान्य घराला पेलणारा नाहीं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं मिळणारा आराम मात्र बहुधा उसना असतो.

अंगावर पिंवळट खपल्या धरल्या, पू आला, तर जंतुबाधा समजावी. ताप येऊन चट्ट्यांवर एकसारखे दुखरे फोड वा खोलगट व्रण उठले, तर ती नागिणीसारख्या विषाणूची बाधा असूं शकते. पापणीजवळ असेल तर दृष्टीलाही धोका. अशा वेळीं मलम बदलून पाहण्यांत दिवस न दवडतां कासूकरानें तडक पेण किंवा अलिबागचें रुग्णालय गांठावें.