कायमचा पत्ता

सरकारी अर्ज भरताना दोन रकाने हमखास येतात : सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. सध्याचा म्हणजे नोकरीपायी घेतलेली डोंबिवलीतली भाड्याची खोली. कायमचा म्हणजे गावाकडचं घर, अंगण आणि मागची विहीर. आता समजा, एक संशोधक आला. त्याने तुम्हाला त्या खोलीत वर्षभर न्याहाळलं आणि वहीत लिहून टाकलं, ‘या प्राण्याला दहा बाय बाराची जागा आणि गर्दीची लोकल मानवते.’ त्याचं चुकलं काय? जे दिसलं तेच त्याने लिहिलं. तुमचं गाव त्याने पाहिलं नव्हतं, एवढंच.

इंग्लंडमधल्या पक्ष्यांच्या आणि फुलपाखरांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. हा पक्षी जंगलातला, ते फुलपाखरू ओकच्या राईतलं, अशा नोंदी पुस्तकांत पक्क्या बसल्या होत्या. मग तोट्यात चाललेल्या एका शेतीने हे पत्ते एकेक करून खोडायला सुरुवात केली. ते सारं बघायला आज लोक पैसे मोजून येतात, तंबूत राहतात आणि पहाटे वाटाड्याच्या मागे दबक्या पावलांनी चालतात.

या जागेचं नाव नेप. लंडनच्या दक्षिणेला ससेक्स परगण्यातली ही सुमारे ३,५०० एकरांची इस्टेट आहे. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा जेमतेम सातवा हिस्सा! गॅटविक विमानतळही फार लांब नाही. १९८७ साली ती चार्ली बरेल या तरुणाच्या वाट्याला आली. जमीन कशी? हिवाळ्यात पाय टाकला की बूट तिथेच राहावा आणि उन्हाळ्यात सिमेंटसारखी तडकावी, अशी चिकणमाती. काळ्या रानात नांगर धरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ससेक्सच्या बोलीत चिखलाला तीसहून अधिक शब्द आहेत म्हणतात, यावरून काय ते समजा. नवी यंत्रं आली, खतं आली, जास्त दूध देणाऱ्या गाई आल्या, तरी बहुतेक वर्षं हिशेब तोट्यातच. शेवटी २०००च्या सुमारास चार्ली आणि त्याची लेखिका पत्नी इझाबेला ट्री (आडनावच ‘झाड’, आता बोला!) यांनी गाई विकल्या, यंत्रं विकली आणि पेरणी थांबवली.

बाकीचं निसर्गावर सोडलं, असं म्हणायचा मोह होतो. पण नुसतं सोडून दिलं असतं तर काय झालं असतं? शाळेत आपण शिकलो तसं आधी गवत, मग झुडपं, मग झाडं आणि शेवटी घनदाट, अंधारं जंगल. सगळा युरोप मुळात असाच होता, असं मानलं जाई. फ्रान्स व्हेरा नावाच्या एका डच शास्त्रज्ञाने इथे शंका काढली. ओकचं रोप सावलीत तगत नाही. मग हजारो वर्षांपूर्वीच्या गाळात ओकचे परागकण एवढे सापडतात कसे? तेव्हा ऊन जमिनीपर्यंत कोण पोचवत होतं? त्याचं उत्तर होतं : जनावरं. रानबैल, रानघोडे, रानडुकरं. झाडं वाढायची, जनावरं खायची. आणि या ओढाताणीतून ना धड जंगल, ना धड माळ, असा एक चट्ट्यापट्ट्यांचा प्रदेश तयार व्हायचा. सगळ्या तज्ज्ञांना हे पटलेलं नाही. चार्लीला पटलं.

अडचण एकच होती. युरोपातला शेवटचा रानबैल १६२७ साली पोलंडमध्ये मेला. मग बदली कलाकार आणले गेले. रानबैलाच्या जागी लांब शिंगांच्या, ‘लाँगहॉर्न’ जातीच्या जुन्या इंग्लिश गाई. रानघोड्याच्या जागी एक्समूरची ठेंगणी तट्टं. रानडुकराच्या जागी तांबूस केसांची टॅमवर्थ डुकरं. जोडीला हरणं. गोठा नाही, वैरण नाही. आतली तारेची कुंपणं काढून जनावरं मोकळी सोडली.

आता या तोंडांकडे नीट बघा, कारण सगळी जादू तिथे आहे. गाय जिभेचा वेढा घालून गवताचा झुपका ओढून तोडते, बुडखे राहू देते. घोड्याला वरचे आणि खालचे दोन्ही पुढचे दात, तो कात्रीने कापल्यासारखा जमिनीलगत खातो. हरीण पाला आणि कोवळे शेंडे खुडतं. आणि डुक्कर? ते नाकानेच नांगरतं. एकाच रानावर विळा, कात्री, चिमटा आणि नांगर, चारही अवजारं एकाच वेळी चालतात. कुठे लॉन, कुठे गचपण, कुठे उघडी माती. दोन वाव जागा एकसारखी राहत नाही. (नेपची डुकरं तळ्यात बुडी मारून तळातले शिंपलेही काढून खातात. हे त्यांना कोणी शिकवलं, देव जाणे.)

पण एवढी जनावरं चरत असताना नवं झाड वाढणार कसं? सह्याद्रीत फिरलेल्या माणसाने याचं उत्तर पाहिलेलं असतं. करवंदीच्या जाळीतून एखादं कोवळं रोप शेळीला वाकुल्या दाखवत वर आलेलं असतं ना? तसंच. नेपमध्ये हे काम ब्लॅकथॉर्न, हॉथॉर्न आणि रानगुलाबाच्या काट्यांनी केलं. ओकची बी तिथे नेतो जे नावाचा, कावळ्याच्या कुळातला एक रंगीत पक्षी. तो हिवाळ्याच्या बेगमीला हजारो बिया पुरून ठेवतो. काहींचा त्याला विसर पडतो, आणि त्या विसरण्यातून ओक उगवतात. जनावराची भूक, काट्याचा पहारा आणि पाखराचा विसराळूपणा, एवढ्यावर चाललेला वनविभाग!

काट्यांनी आणखी एक घर बांधलं, ते बघायला एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात रात्रीच जावं लागतं. बघायला कसलं, ऐकायला. वाटाड्या टॉर्च विझवायला लावतो. आणि काळोखातून नाइटिंगेल सुरू होतो. शिट्ट्या, टकटक, मध्येच चढत जाणारी लांब तान, मग अचानक गप्प. एवढा आवाज ज्याच्यातून निघतो तो जीव लिंबापेक्षा हलका, जेमतेम वीस ग्रॅमचा, आणि तो पश्चिम आफ्रिकेतून उडत आलेला असतो. नाइटिंगेलला मराठीत आपण कधी कोकिळा केलं, कधी बुलबुल. दोघांचा याच्याशी संबंध नाही. कोकिळेशी एक साम्य मात्र खरं : दोन्हीकडे गातो तो नर, आणि नाव मादीचं होतं. रात्रीच का गातो? त्याच्या माद्या रात्रीच्या प्रवासी. वरून जाणारीला ‘इथे जागा आहे, उतर’ असं सांगायचं असतं.

पुस्तकात याचा पत्ता होता ‘जंगल’. नेपमध्ये तो उतरला कुठे? वर्षानुवर्षं न छाटल्यामुळे घागऱ्यासारख्या पसरलेल्या काटेरी कुंपणांत. १९९९मध्ये इथे ९ नर गात होते, २०१२मध्ये ३४. त्याला जंगल नकोच होतं. बाकी सगळीकडची झुडपं आपण साफ केली, म्हणून बिचारा जंगलाच्या कडेला भाड्याने राहत होता.

याहून मोठी फसगत जांभळ्या बादशहाची. ‘पर्पल एम्परर’ हे फुलपाखरू दिसावं म्हणून इंग्लंडातले शौकीन जन्म घालवतात. नराचे पंख एका कोनातून बघाल तर तपकिरी, मातकट. तो किंचित वळला की झळाळता जांभळा! रंग गेला कुठे आणि आला कुठून? पंखात जांभळा रंग नाहीच. मोरपिसात तरी निळा रंग कुठे असतो? दोन्हीकडे प्रकाशाला खेळवणारी अतिसूक्ष्म रचना असते. आणि हा बादशहा फुलांवर बसत नाही. त्याला आवडतं शेण, विष्ठा, चिखल. शौकीन लोक त्याच्यासाठी कोळंबीची आंबवलेली चटणी मांडून बसतात. आपला जवळाही त्याला चालेल, असा माझा अंदाज आहे.

हा ओकच्या जुन्या जंगलातला, असं सगळे म्हणत. २००९मध्ये तो नेपला दिसला, जिथे असं जंगलच नाही. २०१८च्या उन्हाळ्यात एका दिवसात ३८८ मोजले. देशातली सर्वांत मोठी वसाहत. गुपित होतं अळीच्या जेवणात. ती खाते सॅलो, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं एक झुडूप. सॅलोची बी कापसासारखी उडते, पण फार दिवस जगत नाही. तेवढ्यात तिला ओली, उघडी माती मिळायला हवी. ती कोण देणार? नाकाने नांगरणारं डुक्कर. बादशहा आणि डुक्कर यांच्यात असं देणंघेणं असेल, हे कोणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?

शेजारच्या शेतकऱ्यांना मात्र हे सगळं पसाऱ्यासारखं दिसत होतं. त्यांची पत्रं येत, आणि त्यांचा राग मला अगदी परका वाटत नाही; सुपीक रानात कोणी तण माजवलं तर आपल्या गावातही हेच बोलतील. त्यातच काटेरी थिसल एकरच्या एकर पसरलं. फवारायचं की नाही, यावर घरात खल सुरू असतानाच २००९मध्ये आफ्रिकेकडून पेंटेड लेडी फुलपाखरांचा लोंढा आला. त्यांनी थिसलवर अंडी घातली. अळ्यांनी पानं खाऊन काड्या शिल्लक ठेवल्या, आणि पुढच्या वर्षी ते तण जवळपास दिसेनासं झालं. ही पेंटेड लेडी आपल्याकडेही दिसते. पुढच्या वेळी अंगणात आली तर जरा मानाने बघा.

शेणाची गोष्ट चार ओळींत सांगतो, खरं तर ती वेगळ्या लेखाची आहे. इथल्या जनावरांना ठरल्या वेळी जंताचं औषध दिलं जात नाही, म्हणून त्यांचं शेण विषारी नसतं. एका पोवटीत शेणकिड्यांच्या २३ जाती निघाल्या. गुरांच्या एका वेदनाशामक औषधाने आपली गिधाडं कशी संपवली हे आठवलं, की या आकड्याचं मोल कळतं.

एक गोष्ट इथे नाही : लांडगा. मग जनावरं वाढतच जाणार. म्हणून दरवर्षी माणूसच लांडग्याची जागा घेतो. जिवंत वजनाने सुमारे ७५ टन मांस इथून विकलं जातं. सकाळी ज्या गाईंकडे दुर्बिणीतून बघितलं, त्यांच्यातलीच एखादी संध्याकाळी ताटात. काही पाहुणे अवघडतात. मला यात लपवाछपवी नाही, हे आवडतं.

आता मान वर करा, ओकच्या शेंड्याकडे. काटक्यांचा तो खाटेएवढा ढीग म्हणजे पांढऱ्या करकोच्याचं घरटं. याला गळ्यातून सूर काढता येत नाही. तो डोकं पाठीपर्यंत मागे टाकतो आणि लांब चोच टाळ्यांसारखी खडखड वाजवतो. हिवाळ्यात हा पक्षी आपल्या माळरानांवरही उतरतो. ब्रिटनमध्ये मात्र त्याचं घरटं बांधल्याची शेवटची जुनी नोंद १४१६ची, एडिंबरोच्या चर्चवरची. नेपने पोलंडहून जायबंदी करकोचे आणले, उडू न शकणारे. ते दिसले की वरून जाणारे आपले भाईबंद उतरतील, असा हिशेब. मे २०२०मध्ये अंड्यातून पिल्लं निघाली. सहा शतकांनंतर!

तिथून जवळच स्टॉरिंग्टन नावाचं गाव आहे. १०८६च्या जमीनमोजणीत त्याचं नाव लिहिलंय ‘एस्टॉर्चेस्टोन’, म्हणजे करकोच्यांचं ठिकाण. गावकऱ्यांनी कित्येक पिढ्या करकोचा पाहिला नव्हता, तरी वेशीवरच्या पाटीवर त्याचा कायमचा पत्ता तेवढा लिहिलेला होता.