मुरदाड कातडीचे मोल

वज्रीने टाच घासली की निघणाऱ्या भुग्याला आपण मुरदाड कातडी म्हणतो आणि मेलेले ते टाकाऊ असे धरून चालतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचा उभा छेद पाहिला तर ही समजूत टिकत नाही. बाह्यत्वचेच्या तळाशी ओळीने उभ्या असलेल्या पेशी सतत विभागतात. नव्या पेशी वर सरकतात, वाटेत केराटिन या चिवट प्रथिनाने भरतात, आणि शेवटी स्वतःचे केंद्रक मोडून चपट्या होतात. तळापासून गळून पडेपर्यंत साधारण महिना-दीड महिना जातो. म्हणजे हे मरण झीज नव्हे. तो पेशीच्या घडणीचाच अखेरचा टप्पा आहे.

अशा मृत पेशींचे बहुतेक ठिकाणी १५ ते २० थर असतात. तळहात-तळपाय वगळता त्यांची एकूण जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आतबाहेर असते. पेशी या विटा धरल्या, तर सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हा त्यांमधला चुना. प्रयोगात चिकटपट्टी पुन्हा पुन्हा लावून हा थर उतरवला, की खालच्या जिवंत पेशी शाबूत असूनही त्वचेतून निसटणारे बाष्प कित्येक पटींनी वाढते. पाणी अडवण्याचे मुख्य काम मेलेलेच करतात, ते असे सिद्ध होते. या थराच्या घडणीत फिलाग्रिन हे प्रथिन लागते. त्याच्या जनुकातील दोषामुळे इसबाचा धोका वाढतो, हे डंडी विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २००६ मध्ये स्पष्ट झाले. भिंतच कच्ची असली की बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात.

यावर कोणी म्हणेल, मग सोरायसिसमध्ये खपल्यांचे ढीग साचतात, ते का सोसावे? पण तिथे पेशी अवघ्या काही दिवसांत वर येतात आणि अनेकींमध्ये केंद्रक तसेच राहते. तिथला दोष मृत पेशी फार झाल्याचा नाही, त्या नीट मरू न शकल्याचा आहे. कोरड्या टाचेची गोष्ट वेगळी. पेशींमधले बंध तोडणाऱ्या विकरांना ओल लागते. ती नसली की सुटायच्या पेशी चिकटून राहतात आणि थर जाड होऊन तडकतो. तिथे हलके घासणे गैर नाही, पण घासून ओल येत नाही. टाच पाण्यात भिजवून वर स्निग्ध मलम लावले, तर सुटायच्या पेशी आपणहून सुटतात, आणि राहायच्या त्या भिंतीत राहतात.