बॉयलरचा काटा खाली का येतो?

नोकरी-व्यवसायानिमित्त ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथील घरांतील ज्या यंत्रणेशी सर्वप्रथम जुळवून घ्यावे लागते, ती म्हणजे घर उबदार ठेवणारी मध्यवर्ती तापनयंत्रणा. पुण्या-नाशिकच्या थंडीत शाल, गोधडी आणि फार तर एखादा विजेचा हीटर एवढ्यावर भागते. तेथे मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसवलेला गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरवतो आणि थंड झालेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परत येते. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घराची सारी मदार या फिरत्या पाण्यावर असते.

पूर्वीच्या ब्रिटिश घरांत पोटमाळ्यावर एक लहान टाकी असे व तीतून या यंत्रणेला आपोआप पाणी मिळत असे. आपल्याकडील गच्चीवरच्या टाकीचाच तो प्रकार. आता बहुतेक घरांत त्याऐवजी ‘कॉम्बी’ बॉयलर व पूर्णतः बंदिस्त यंत्रणा आढळते. एकदा भरलेले पाणी वर्षानुवर्षे तेच राहावे, अशी तिची रचना आहे. पाण्याचा दाब दाखवण्यासाठी बॉयलरवर एक मापक असतो. यंत्रणा थंड असताना काटा साधारणतः १ ते १.५ बार या दरम्यान असावा. १ बार दाब सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो, म्हणजे दुमजली घराच्या वरच्या रेडिएटरपर्यंत पाणी भरलेले राहण्यास एवढा दाब पुरून उरतो.

एखाद्या गारठलेल्या सकाळी हा काटा शून्याशी टेकलेला दिसतो आणि बॉयलर बंद पडलेला असतो. दाब फार खाली गेला की बहुतेक बॉयलर स्वतःच्या रक्षणासाठी पेट घेत नाहीत. घरात तान्हे मूल असेल किंवा भारतातून आलेले वृद्ध आईवडील असतील, तर अशा सकाळी घरमालकाला फार विचार करण्यास सवड नसते. बॉयलरखालच्या ‘फिलिंग लूप’ नावाच्या जाळीदार लवचीक नळीची तोटी उघडायची, काटा वर आला की बंद करायची, एवढे जो तो शिकून घेतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुढे आठवड्याला, मग एक दिवसाआड. निदान मात्र कधीच होत नाही.

ताजे पाणी, ताजा गंज

वारंवार पाणी भरणे हा उपाय नव्हे, तो दुखण्याची वाढ आहे. नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो. बंदिस्त यंत्रणेतील जुन्या पाण्यातला प्राणवायू सुरुवातीलाच खर्ची पडलेला असल्याने गंजण्याची क्रिया मंदावलेली असते. प्रत्येक भरणीबरोबर तिला नवे खाद्य मिळते आणि पोलादी रेडिएटर आतून झिजू लागतात. त्या झिजेतून निर्माण होणारा काळा गाळ पंपात व बॉयलरच्या अरुंद मार्गांत साचतो. पाण्यात घातलेले गंजरोधक रसायन दर वेळी अधिकच पातळ होते. लंडन व आग्नेय इंग्लंडात पाणी जड असल्यामुळे क्षारांचा थरही चढतो. गंजण्यातून हायड्रोजन वायूही तयार होतो; तो रेडिएटरच्या वरच्या भागात साठला की रेडिएटर खाली ऊन व वर गार राहतो. मग घरमालक किल्लीने वायू सोडतो, त्यामुळे दाब आणखी उतरतो आणि पुन्हा पाणी भरले जाते. हे चक्र दोन-तीन हिवाळे चालले, की ज्या बॉयलरचे एक रबरी वॉशर बदलून भागले असते, तो बॉयलरच बदलण्याची पाळी येते.

थेंबांचा हिशेब

‘कोठेही पाणी दिसत नाही, मग गळती कशी?’ असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर बॉयलरमधील एका लाल वा करड्या टाकीत आहे. तिला प्रसरण टाकी म्हणतात. टाकीच्या मध्यभागी रबरी पडदा असून एका बाजूस यंत्रणेचे पाणी व दुसऱ्या बाजूस दाबून भरलेली हवा असते. पाणी तापले की फुगते. लहान घरातील यंत्रणेत ७० लिटर पाणी धरले, तर १० अंश सेल्सियसवरून ८० अंशांवर जाताना ते सुमारे २ लिटरने वाढते. पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. म्हणून ही वाढ टाकीतील हवा पोटात घेते.

समजा, टाकी ८ लिटरची आहे, तीत १ बार दाबाने हवा भरलेली आहे आणि यंत्रणाही थंड असताना १ बारवर आहे. हवेचे ८ लिटर आकारमान दाबून ६ लिटर झाले, की मापक सुमारे १.७ बार दाखवेल. थंड असताना दाब १.५ बार ठेवला, तर तापल्यावर तो सुमारे २.६ होईल. हाच काटा उत्साहाच्या भरात २ बारपर्यंत चढवला, तर तापल्यावर ३ बारची मर्यादा ओलांडली जाईल आणि प्रेशर कुकरच्या सुरक्षा झडपेप्रमाणे बॉयलरची झडप उघडून पाणी घराबाहेर फेकले जाईल. ‘थोडे जास्तच भरून ठेवू, म्हणजे पुरेल’ हा हिशेब येथे उलटा पडतो.

याच टाकीमुळे थेंबांचाही अंदाज करता येतो. वरील उदाहरणात काटा १.५ वरून १ वर आला, तर साधारण दीड लिटर पाणी गेले. हे एका आठवड्यात घडले असेल, तर गळतीचा वेग सुमारे वीस सेकंदांना एक थेंब एवढाच होतो. महिन्याभरात घडले असेल, तर सव्वा-दीड मिनिटाला एक थेंब. तापलेल्या नळीवरचा असा थेंब खाली पडण्यापूर्वीच वाळून जातो. जमीन कोरडी आहे, एवढ्यावरून गळती नाही असे म्हणता येत नाही.

काट्याची दिनचर्या

अनुभवी तंत्रज्ञ पाना हाती घेण्यापूर्वी काट्याची चौकशी करतो. त्यासाठी घरच्या मंडळींनी आठ-दहा दिवस सकाळी यंत्रणा थंड असताना आणि रात्री पूर्ण तापलेली असताना काटा कोठे होता, हे टिपून ठेवले, तर निम्मे काम तेथेच होते. अलीकडे रेडिएटरमधून वायू सोडला असेल, तर एकदा दाब उतरणे स्वाभाविक आहे. ती घट हिशेबात धरू नये.

तापल्यावर काटा झपाट्याने ३ कडे झेपावतो आणि गार झाल्यावर शून्याकडे कोसळतो, असे आढळले तर दोष बहुधा प्रसरण टाकीत असतो. तिच्यातील हवा हळूहळू निघून गेलेली असते किंवा पडदा फाटलेला असतो. फुगलेल्या पाण्याला जागाच न उरल्याने ते सुरक्षा झडपेतून बाहेर जाते आणि थंड झाल्यावर तेवढी तूट पडते. टाकीला सायकलच्या चाकासारखा वॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले, तर पडदा गेला असे समजावे. नुसती हवा कमी असेल, तर ती पंपाने भरता येते. मात्र त्यापूर्वी पाण्याचा दाब शून्यावर आणावा लागतो, अन्यथा मोजमाप चुकते. ही टाकी बहुधा बॉयलरच्या आवरणाआड असल्यामुळे हे काम तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे.

येथे एक मेख आहे. सुरक्षा झडप एकदा उघडली की तिच्या बैठकीत गाळाचा कण अडकतो आणि ती पुन्हा घट्ट मिटत नाही. टाकी दुरुस्त होते, पण झडप ठिबकतच राहते आणि ‘दुरुस्ती करूनही दाब उतरतो’ अशी तक्रार कायम राहते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ टाकीबरोबर झडपही बदलतो. झडपेची तांब्याची नळी भिंतीतून बाहेर येऊन भिंतीकडेच वळवलेली असते. तिच्या तोंडाशी पॉलिथिनची पिशवी रात्रभर सैलसर बांधून ठेवली, तर सकाळी उत्तर मिळते. नळीचे तोंड बंद होणे धोक्याचे असल्याने पिशवी लगेच काढून टाकावी.

याउलट, यंत्रणा चालू असो वा बंद, काटा रोज थोडाथोडा उतरत असेल, तर पाणी कोठेतरी झिरपत आहे. ते बॉयलरमध्ये की घरातील नळ्यांमध्ये, हे ठरवण्याची रीत सोपी आहे. बॉयलर बंद करून त्याच्या खालच्या जाणाऱ्या व येणाऱ्या पाण्याच्या दोन्ही झडपा रात्रभर मिटून ठेवाव्यात. काटा तरीही उतरला, तर दोष बॉयलरच्या बाजूस. काटा जागेवर राहिला व सकाळी झडपा उघडताच घसरला, तर दोष नळ्या वा रेडिएटर यांच्या बाजूस. जुन्या झडपा पूर्ण मिटत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

बॉयलरमधील उष्णता-विनिमयकाला तडा गेला असेल, तर पाणी ज्वलनातून तयार होणाऱ्या पाण्याबरोबर निचऱ्याच्या नळीतून निघून जाते व घरात टिपूसही दिसत नाही. बॉयलर कित्येक तास थंड असूनही ती नळी ठिबकत असेल, तर संशय बळावतो. क्वचित काटा आपणहून चढतानाही आढळतो. ‘फिलिंग लूप’ची तोटी नीट मिटलेली नसते किंवा नळाचे पाणी तापवणाऱ्या पट्ट्यांच्या भागात छिद्र पडलेले असते. असे आत शिरणारे पाणी दुसरीकडची गळती झाकूनही टाकते. म्हणूनच भरणीनंतर ही नळी सोडवून ठेवण्याचा तेथील दंडक आहे.

सांधे, लाद्या आणि विमा

नळ्यांकडे दोष असेल, तर प्रथम रेडिएटरच्या झडपा पाहाव्यात. झडपेच्या दांड्याभोवती व सांध्यांवर हिरवट, पांढरे वा तांबूस डाग हा वाळलेल्या थेंबांचा पुरावा होय. कोरडा टिश्यू कागद गुंडाळून ठेवल्यास ओल लगेच कळते. काही सांधे गार असतानाच गळतात व तापून फुगले की मिटतात, म्हणून ही पाहणी पहाटे करावी. सर्वांत कठीण प्रकार लाद्यांखालच्या नळीचा. सिमेंटमध्ये विनावेष्टन पुरलेली तांब्याची नळी कालांतराने पोखरली जाते. अशा वेळी लाद्या फोडत सुटण्याऐवजी उष्णतादर्शक कॅमेऱ्याने अथवा ५ टक्के हायड्रोजन व ९५ टक्के नायट्रोजन असे मिश्रण नळीत सोडून, ते जमिनीतून कोठे वर येते हे संवेदकाने शोधता येते.

खर्चाच्या दृष्टीने हाच टप्पा मोठा असतो. ब्रिटनमधील अनेक गृहविमा पॉलिसींत ‘ट्रेस अँड ॲक्सेस’ नावाचे कलम असते. गळती शोधण्याचा आणि त्यासाठी फोडलेली जमीन वा भिंत पूर्ववत करण्याचा खर्च त्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. झिजलेली नळी वा बॉयलर यांच्या दुरुस्तीचा खर्च मात्र बहुधा विमाधारकाकडेच राहतो आणि दीर्घकाळ दुर्लक्षित गळतीने झालेले नुकसान नाकारलेही जाऊ शकते. काट्याच्या नोंदींची तारीखवार वही अशा वेळी दावा करताना हाताशी असलेली बरी.

भाड्याने राहणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. इंग्लंडमध्ये अल्पमुदतीच्या निवासी भाडेकरारांत तापनयंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या अकराव्या कलमानुसार घरमालकाची असते. मालकीच्या गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करवून घेणेही त्यालाच बंधनकारक आहे. भाडेकरूने दाब उतरत असल्याचे लेखी कळवावे. दर आठवड्याला मुकाट्याने पाणी भरत राहू नये. रेडिएटरमधील वायू सोडणे वा दाब भरणे ही कामे कोणालाही करता येतात. बॉयलरचे ज्वलनकक्षावरील आवरण उघडण्यासाठी मात्र ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेला तंत्रज्ञच हवा. ही नोंदवही एप्रिल २००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये अमलात असून तंत्रज्ञाच्या ओळखपत्राच्या मागील बाजूस तो कोणत्या प्रकारची कामे करण्यास पात्र आहे, हे नमूद केलेले असते.