जुना ऑसिलोस्कोप भंगारात देण्यापूर्वी

टेकट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीचा 465 हा ऑसिलोस्कोप 1972 साली बाजारात आला. आजही तो दुरुस्तीच्या टेबलांवर दिसतो. एके दिवशी त्याचा पडदा काळा पडतो, मालक समजतो की नळी गेली, आणि भंगारवाला वजनाच्या भावाने यंत्र उचलून नेतो. कारागीर बांधवांनो, येथेच चांगला माल हातचा जातो. पुष्कळदा नळी ठणठणीत असते, खराबी असते वीजपुरवठ्याच्या भागात.

प्रथम यंत्र 115 व्होल्टवर लावलेले आहे की 230 वर, हे पाहून घ्यावे. परदेशातून आलेल्या मालात हा धोका नेहमीचाच. पहिल्यांदा वीज देताना शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर मोठा शॉर्ट समजावा. मात्र व्होल्टेज मोजताना बल्ब काढावा, नाहीतर आकडे कमीच दिसतील.

या यंत्रात पाच मुख्य लाइनी आहेत: उणे 8, 5, 15, 55 आणि 110 व्होल्ट. बाकीच्या लाइनी 55 च्या आधारावर चालतात, म्हणून मोजणी तेथून सुरू करावी. एखादी लाइन शून्यावर असेल तर वीज बंद करून, कपॅसिटर रिकामे होऊ देऊन, त्या लाइनीचा जमिनीशी ओहम मोजावा. जवळजवळ शून्य आला तर पहिला संशय टँटलम कपॅसिटरवर घ्यावा. थेंबासारखा हा छोटा जिन्नस म्हातारपणी आतून शॉर्ट होतो. रेग्युलेटर करंट आवरून धरतो, त्यामुळे फ्यूज शाबूत राहतो आणि नवशिका फसतो. एकच लाइन अनेक बोर्डांवर गेलेली असते. एकेका कपॅसिटरचा एक पाय सोडवून पाहण्यावाचून सहसा इलाज नाही.

नवा बसवताना खबरदारी हवी. टँटलमवरची खूण अधिकची असते, साध्या इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा उण्याचा. उलटा बसला तर धूर निघालाच म्हणून समजा. पंधराच्या लाइनीवर पस्तीस व्होल्टचा घ्यावा, काटकसर करू नये.

शॉर्ट नाही, पण व्होल्टेज कमी आणि त्यावर 100 हर्ट्झची लहर दिसत असेल, तर रेक्टिफायरनंतरचा मोठा फिल्टर कपॅसिटर सुकला असावा.

मजुरीचे म्हणाल तर जिनसाला थोडे रुपये लागतात, शोधायला अर्धा दिवस. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून वेळेचे पैसे ठरवावेत. आणि पिक्चर ट्यूबकडील पिंजऱ्यात हजारो व्होल्ट असतात. तेथे हात घालू नये, यंत्र बंद असले तरीही.